चरा नसलेली प्लेट

नळाला दिवसाआड पाणी, आणि आलं तरी धार करंगळीएवढी. पाण्याच्या दिवशी भामाबाईंच्या घरात सकाळ म्हणजे लढाईच असायची. शाळेत शिकवणारी सून बुद्धप्रिया एका हाताने स्वतःचा डबा भरत होती, दुसऱ्या हाताने साडीच्या निऱ्या सावरत होती. भामाबाई मोरीत उभ्या राहून नळाशी भांडत होत्या.

"येऊन राहिला का जाऊन राहिला? एक काय ते ठरव की, मुडद्या!"

"आई, नळाला ऐकू येत न्हाई."

"तुला तरी कुठं येतं? मिठाचा डबा कवाचा मागून राहिले."

तेवढ्यात दारावर थाप पडली. बुद्धप्रियाने दार उघडलं. बाहेर पस्तिशीतला एक माणूस उभा होता. कातरलेली दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि छातीशी धरलेली एक चौकोनी, चपटी पिशवी. पिशवी त्याने अशी धरली होती, की जणू आत ओली रांगोळी असावी.

"जयभीम ताई. मी अजहर, लातूरहून आलो. गायिका भामाबाईंचं घर हेच ना? म्हणजे त्या वारल्या, ते ठाऊक हाय मला. पण घरात त्यांचा एखादा फोटो असंल तर बघायचा होता."

बुद्धप्रियाने मान वळवून आत हाक दिली, "आई, तुम्ही वारल्या म्हणून राहिले हे!"

मोरीतून आवाज आला, "कोण म्हणतो? बोलाव त्याला आत. पाय पुसून ये म्हणावं."

बिचारा अजहर! पदर खोचलेल्या, कोपरापर्यंत भिजलेल्या भामाबाई समोर आल्या तेव्हा त्याने पुसलेले पाय पुन्हा पुसले. वय पंचाहत्तरीच्या पुढे, पण बाई ताठ. मुलींच्या वसतिगृहात त्यांनी आयुष्यभर स्वयंपाक केला. तांदळात खडे पाठवणाऱ्या ठेकेदाराला त्यांनी एकदा वसतिगृहाच्या ओट्यावर बसवून, सगळ्या पोरींच्या देखत ते तांदूळ निवडायला लावले होते. त्यांचा राग सगळ्या वस्तीच्या ओळखीचा. बायका म्हणत, भामाबाई रागावल्या नाहीत त्या दिवशी तब्येतीची चौकशी करावी.

अजहरने फोन काढून जाहिरात दाखवली. बुद्धप्रियाने ती मोठ्याने वाचली. 'दिवंगत लोकगायिका भामाबाई यांची दुर्मिळ रेकॉर्ड. कंपनीच्या गोदामात सापडलेली. एकदाही न वाजलेली.' खाली लातूरच्या दुकानदाराचं नाव होतं, शरणप्पा.

"मला जुन्या रेकॉर्डचा नाद हाय आजी," अजहर म्हणाला. "ही मिळाली तेव्हा वाटलं, सोनं गावलं."

भामाबाईंचं लक्ष सोन्याकडे नव्हतं. "शरणप्पा? तो उदगीरचा? आईला म्हणावं तसं अव्वा अव्वा करत आला होता तो?"

तोच. दोन वर्षांमागे तो शाल आणि नारळ घेऊन आला होता. भामाबाईंच्या पाया पडला. म्हणाला, "अव्वा, तुमचं गाणं नष्ट व्हायला नको. मी रेकॉर्डची प्लेट नेतो, कंप्युटरमधी जपून ठेवतो आन् परत आणून देतो." आणि खरंच आणून दिली. बुद्धप्रियाने दारातच घेतली, पेटीत ठेवली. घरातलं वाजवायचं यंत्र तोवर बिघडलेलं होतं, त्यामुळे नंतर ती कुणी लावली नाही.

अजहरच्या गाडीत पेटीसारखं मिटणारं प्लेअर होतं. तो ते घेऊन आला. डब्याचं झाकण हातात तसंच धरून बुद्धप्रिया उभी राहिली. सुई टेकली आणि भामाबाईंचा पंचविशीतला आवाज खोलीत भरला, टणक, धारदार, कुणालाही न भिणारा.

*दारी उजेड आला गं सखे...*

टक्.

*...घे हातात...*

भामाबाई गर्रकन वळल्या. "उचल ती सुई."

अजहरने सुई उचलली.

"ही प्लेट कधी वाजली न्हाई म्हणतो ना तो? मग माझ्या घरातला चरा हिच्यात कसा आला?"

तो चरा सगळ्या वस्तीला पाठ होता. फार वर्षांपूर्वी जयंतीच्या दिवशी विहारापुढे फळ्यांच्या स्टेजवर ही प्लेट लावली होती. पोरं नाचली, फळ्या हादरल्या, सुई उडाली आणि प्लेटवर चरा पडला. तेव्हापासून ओळीतला 'पाटी' हा शब्द गेला तो गेलाच. *पाटी घे हातात*, अशी ती ओळ. पण वस्तीने त्याचीही रीत करून टाकली. जयंतीच्या सकाळी पंचशील झालं की आधी ही प्लेट लागायची, आणि 'टक्' झालं की म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत सगळे एका दमात ओरडायचे, "पाटी!" दुसऱ्या गावाहून आलेली सून पहिल्या वर्षी दचकायची, दुसऱ्या वर्षी सगळ्यांच्या आधी ओरडायची.

अजहरने त्याची प्लेट खिडकीपाशी नेऊन तिरपी धरली. काळी, चकचकीत, एक ओरखडा नाही. चरा दिसत नव्हता, पण ऐकू येत होता.

"या अल्ला," तो पुटपुटला. "तुमच्या प्लेटीवरून उतरवलीय ही. पेटीतली आणा आजी."

पेटीतली आणली. तीही तशीच, गुळगुळीत. अजहरने मधल्या गोल कागदाच्या कडेवर नख फिरवलं. कड उचकटली. "जुन्या रेकॉर्डमधी हा कागद प्लेटीबरोबरच दाबतात, गरम असताना. तो सुटतच न्हाई. हा वरून चिकटवलेला हाय. आन् हे बघा, इथं गाण्याच्या शेवटी, कोऱ्या पट्टीत, कंपनीचा ठसा असतो. हितं कायच न्हाई." त्याचा आवाज पडला. "माझी खोटी. तुमचीबी खोटी. खरी त्यानं ठेवून घेतली."

बुद्धप्रियाने कपाळावर हात मारला. "मीच घेतली हो दारात. बघितलीसुद्धा न्हाई."

"तू गप. चोर तो, रडतीस तू," भामाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. "लाव पुन्हा. शेवटापर्यंत लाव."

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. कडवं संपलं, ध्रुवपद आलं, गेलं. भामाबाईंचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. बुद्धप्रियाने तो लाल रंग ओळखला आणि शाळेत फोन करून रजा सांगितली.

"महामाया कुठाय?" भामाबाई म्हणाल्या. "ह्यात महामाया न्हाई!"

महामाया त्यांची जाऊ. ते गाणं तिनंच रचलेलं. लग्न होऊन भामाबाई या घरात आल्या तेव्हा त्यांना सही येत नव्हती. महामायाने चुलीपुढच्या जमिनीवर कोळशाने एकेक अक्षर काढून त्यांना शिकवलं, आणि चुकलं की फुंकणीने हातावर टोला दिला. भामाबाईंचा नवरा नरसिंग गायन पार्टी चालवायचा. त्या पार्टीत दोघी जावा शेजारी उभ्या राहून गात. मुंबईच्या एका लहानशा कंपनीने रेकॉर्ड काढायचं ठरवलं तेव्हा तिथल्या माणसाने महामायाला म्हटलं, "बाई, तुमचा आवाज जाड आहे, जरा मागे सरा." ती मागे सरली, भिंतीला टेकली आणि तिथूनच गायली. प्लेटवर तिचा आवाज भामाबाईंच्या आवाजाच्या खाली होता. पाण्याखालचा दगड दिसतो तसा, नीट लक्ष दिलं तरच. पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात काविळीने ती गेली. तिचा फोटो घरात एकच, लग्नातला, आणि त्यातही तोंडावर पदर. ती उरली होती ती त्या प्लेटमध्ये, ध्रुवपदाच्या खाली.

"चल," भामाबाई उठल्या. "गाडी हाय ना तुझी? लातूरला चल."

"आजी, आधी भाकर तरी—"

"मेलेली बाई भाकर खात न्हाई."

वाटभर त्या ताठ बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत दोन्ही खोट्या प्लेटा. अजहर सांगत होता, की आपल्यासारख्या हौशी लोकांच्या ओळखीत अशा नव्या कोऱ्या 'जुन्या' रेकॉर्ड बऱ्याच जणांकडे आल्यात. कुणाला शंका आली नाही, कारण मूळ प्लेट कुणी बघितलेलीच नाही. भामाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. शेजारी त्यांच्या खांद्याला खांदा लावून बुद्धप्रिया बसली होती.

शरणप्पाचं दुकान लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या मागच्या एका बोळात होतं. जुने रेडिओ, घड्याळं, पितळी भांडी. भामाबाईंना दारात बघून त्याच्या हातातलं फडकं पडलं. पण माणूस तयारीचा.

"अव्वा! तुम्ही? या, या. चहा सांगतो."

"मेलेल्या बाईला चहा पाजतोस व्हय रे?"

"ते... बाजारात तसं लिहावं लागतं अव्वा. गेलेल्या माणसाच्या रेकॉर्डला मान हाय."

"मग तू कशाला जित्ता हायेस? दुकान लई चाललं असतं तुझं!"

बोळातले दोघे-तिघे थांबले. शरणप्पाने हसण्याचा प्रयत्न केला. "आवाज तर तुमचाच हाय की. वाईट काय केलं? चार लोकांपर्यंत गाणं पोचलं. तुमच्या घरी पेटीत पडून होतं."

"पेटीत पडलेलं माझं होतं!" भामाबाईंनी दोन्ही प्लेटा काउंटरवर आपटल्या. "शाल घातलीस, पाया पडलास. पाया पडून माणूस घर फोडतो हे मला ठाऊक नव्हतं. आन् महामायाला कुठं टाकलं?"

"कोण महामाया?"

"माझ्या मागं गाणारी!"

शरणप्पा खरोखरच गोंधळला. मग त्याच्या ध्यानात आलं. "हां... ते खरखर काढताना गेलं असंल. जुन्या प्लेटीत लई खरखर असते, कंप्युटरवर साफ करावी लागते. त्याला काय कळतंय अव्वा, कोणती खरखर आन् कोणतं माणूस."

भामाबाईंचा हात उचलला गेला. बुद्धप्रियाने तो धरला नाही. तो आपोआपच खाली आला, आणि ते जास्त भीतिदायक वाटलं.

"जन्मभर तिला मागं सर, मागं सर म्हणले लोक," त्या म्हणाल्या. "तू तर पुसूनच टाकलीस. खरी प्लेट काढ."

"ती हितं न्हाई. व्यंकटराव साहेबांना दिली. त्यांना अस्सल पाहिजे होती, मी अस्सलच दिली. त्यांना फसवलं न्हाई, आईशप्पथ."

"वा! लई इमानदार!" अजहर आता पेटला. "मला कोरी म्हणून खोटी दिली, त्यांना चोरून आणलेली खरी! पोलिसात फोन लावून राहिलो मी."

"मागून लाव," भामाबाई म्हणाल्या. "आन् ह्याला गाडीत घाल. आधी त्या साहेबाचं घर दाखवू दे."

व्यंकटराव बँकेतून निवृत्त झालेले. घर नीटनेटकं, बाहेर चपलांसाठी वेगळा कप्पा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, शरणप्पाकडे एकदा बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तरी बोलले ते तोलून-मापून.

"बाई, मी ही रीतसर विकत घेतली. चोरीची आहे हे मला माहीत नव्हतं. तुम्ही तक्रार करा, कायद्याने काय ठरेल ते मला मान्य आहे. तोवर ती इथे सुरक्षित आहे."

आणि त्यांनी हात केला तिकडे भामाबाईंनी पाहिलं. भिंतीवर, काचेच्या चौकटीत, मखमलीवर ती टांगलेली होती. खाली छोटा दिवा. त्या उजेडात चरा लख्ख दिसत होता, कडेपासून आत आलेला, केसासारखा.

"वाजवता का कधी?" भामाबाईंनी विचारलं.

"छे! अशा वस्तू वाजवायच्या नसतात. दर वेळी सुई लागली की झिजतात. मी तर काचसुद्धा उघडली नाही."

भामाबाईंच्या ओठांवर काहीतरी कडक आलं होतं. बुद्धप्रियाला ते दिसलं, अजहरलाही दिसलं. शरणप्पाने तर डोकंच खाली घातलं. भिंतीवर टांगलेलं गाणं! घरात नाही, विहारात नाही, पोरांच्या पायाखाली हादरणाऱ्या फळ्यांवर नाही, तर मखमलीवर, मुकं. पण त्यांनी ते कडक गिळलं. चौकटीजवळ गेल्या. काचेला हात लावला नाही.

अजहरने न सांगता गाडीतून प्लेअर आणलं आणि टेबलावर ठेवलं.

"साहेब," भामाबाई म्हणाल्या, "ही माझी हाय आन् मी ती नेणार. पोलिसात जाईन, कोर्टात जाईन, सोडणार न्हाई. ते व्हायचं तवा होईल. आज एकच मागते. काच काढा आन् ती एकदा लावा. मला महामायाला ऐकायचंय."

व्यंकटरावांनी रुमालाने हात पुसले आणि चौकट भिंतीवरून उतरवली.