दसऱ्याला हललेल्या बाटल्या

मला राग पटकन येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण या गोष्टीतली अर्धी वाट त्या रागानेच लावली होती.

अंधेरीच्या एका कॉलेजात मी केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत सहाय्यक आहे. रसायनांच्या स्टोअरचा चार्ज माझ्याकडे. चार्ज म्हणजे सात कपाटं, सहाशेच्या आसपास बाटल्या आणि एक जाडजूड रजिस्टर. त्यात लिहिलेली बाटली नेमकी कुठे आहे, ते एक देवाला ठाऊक आणि दुसरं मामांना. मामा आमचे लॅब अटेंडंट, मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, हे कॉलेजात चिकटले आणि इथेच केस पिकवले. "मामा, सिल्व्हर नायट्रेट?" म्हटलं की हातातला चहा खाली न ठेवता जायचे आणि बाटली आणून द्यायचे.

पण उद्या मामा रिटायर झाले की आम्ही काय करायचं? डोकं आपटायचं? म्हणून मी शोधून शोधून एक सॉफ्टवेअर काढलं. ओपन सोर्स. म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना उघडा, जगभरातल्या प्रयोगशाळांतली माणसं आपापल्या सवडीने ते बनवतात, कुणीही घ्यावं, कुणीही सुधारावं. प्रत्येक बाटलीला एक स्टिकर, त्यावर चौकोनी कोड. मोबाइल समोर धरला की बाटलीत काय आहे, कधी उघडली, कुठलं कपाट, कुठला खण, सगळं दिसतं. कागदी स्टिकर आमच्या अ‍ॅसिडच्या वाफांनी आठवड्यात खाऊन टाकले. मग साकीनाक्याच्या एका गाळ्यातून प्लास्टिकचे करून आणले. तिथला माणूस म्हणतो, "ताई, औषधांची फॅक्टरी टाकली काय?" म्हटलं, हो, तुला नोकरीला ठेवते, आधी स्टिकर नीट काप.

आमचे विभागप्रमुख सर माझ्याहून दहा वर्षांनी लहान. ते म्हणाले, "मॅडम, फुकटच्या वस्तूवर माझा विश्वास नाही. दिवाळीआधी तपासणी समिती येतेय. त्यांच्यासमोर हे चाललं तर ठीक. नाही चाललं, तर स्टोअर दुसऱ्या कुणाकडे देतो आणि तुम्ही परीक्षा विभागात बसा."

"चालेल ना सर!" मी तावातावाने म्हणाले. घाटकोपरला घरी पोचल्यावर कुकर लावता लावता रडले. चोवीस वर्षं मी त्या वासात काढली आहेत. लोकांना तो नकोसा होतो, मला मात्र रविवारी त्याच्याशिवाय चुकल्यासारखं होतं. परीक्षा विभागात मी गठ्ठे बांधत बसले असते तर सहा महिन्यांत वाळले असते.

सगळी उन्हाळी सुट्टी त्यात घातली. सगळ्या बाटल्या एबीसीडीप्रमाणे ओळीत लावल्या आणि तसंच सॉफ्टवेअरमध्ये भरलं. काय झकास दिसत होतं! 'धोक्याचा गट' म्हणून एक रकाना होता, हे पेट घेणारं, हे दुसऱ्याला पेटवणारं, हे आम्ल, असं भरायचं. तो तेवढा रिकामा सोडला. म्हटलं, नंतर बघू.

आमच्या प्रयोगशाळेत दसऱ्याची पूजा असते. तराजू, ब्युरेट, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. त्याआधी कपाटं रिकामी करून पुसायची, खणांतले कागद बदलायचे आणि सगळं परत लावायचं, हा मामांचा मान. त्यात कुणी बोट घालत नाही. यंदा नवरात्रात मी सासरी गावाला होते. परत आले, सहज एक बाटली शोधायला मोबाइल उघडला. कपाट चार, खण दोन. जाऊन बघते तर तिथे भलतंच! दुसरी शोधली, तीही नाही. तिसरी नाही. सगळ्याच्या सगळ्या बाटल्या हलल्या होत्या आणि समिती दहा दिवसांवर होती.

"मामा! काय केलंत हे?"

"दरवर्षी लावतंय तसा लावलंय," मामा शांतपणे म्हणाले. "तू नायट्रिक अ‍ॅसिडच्या बाजूक नायट्रोबेन्झिन ठेवलंस गो बाय. त्यांचा जमाचा नाय. आगीक आवताण ता."

"मग मी लावत होते तेव्हा का नाही बोललात?"

"बोल्लंय. तू म्हटलंस, मामा, कंप्युटरला कळतं."

म्हटलं होतं मी तसं. खरं ऐकलं की माझं डोकं जास्तच फिरतं. "तुम्ही मला केमिस्ट्री शिकवू नका!" मी सगळ्यांसमोर ओरडले. मामांनी फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेलं टेबल पुन्हा पुसायला लागले.

घरी जाऊन त्या सॉफ्टवेअरच्या चर्चेच्या पानावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत तणतणले: आमच्या माणसाने सगळ्या बाटल्या हलवल्या, आता मी काय करू? सकाळी उत्तर आलेलं. कुठल्या तरी थंड देशातल्या प्रयोगशाळेतली बाई होती. तिने लिहिलं होतं, बाटल्या परत हलवू नका. आधी धोक्याचा गट भरा, शेजारशेजारच्या बाटल्यांची तपासणी चालू करा, मग ठरवा कोण चुकलं.

दोन दिवस बसून तो रकाना भरला. सॉफ्टवेअरमधल्या जागा अजून माझ्याच होत्या, एबीसीडीच्या. तपासणीचं बटण दाबलं आणि पडदा लालेलाल झाला. सदतीस ठिकाणी धोका! पहिल्याच ओळीत नायट्रिक अ‍ॅसिड आणि नायट्रोबेन्झिन. मे महिन्यापासून ती दोघं खांद्याला खांदा लावून बसली होती आणि त्यांच्यासमोर पोरं प्रॅक्टिकल करत होती.

मग मामांना बोलावलं. ते बाटली उचलून दाखवायचे, मी मोबाइल धरायचे, नवी जागा भरायचे. चार दुपारी तेच. लाल आकडा उतरत गेला. तीस, एकवीस, नऊ. पाच कपाटं झाल्यावर मी मोठ्याने आकडे म्हणायला लागले आणि शेजारच्या लॅबमधले लोक बघायला आले. शेवटी उरल्या दोनच जागा. मामांनी डोकं खाजवलं. "त्या कपाटाचा दार लागत नाय, म्हणून हय सरकवलंय." सुताराला बोलावून दार बसवलं, बाटल्या हलवल्या. शून्य! अख्ख्या पडद्यावर औषधाला लाल नाही. मी टाळ्या पिटल्या. माफी मात्र मागितली नाही, तोंडातून निघेचना.

समितीत तिघं होती. त्यातल्या एक वयस्कर बाई फार कडक. आल्या आल्या म्हणाल्या, "पोटॅशियम डायक्रोमेट दाखवा." मी मोबाइल बघितला, कपाट सहा, खण तीन, आणि बाटली त्यांच्या हातात. दुसरं नाव, बाटली हजर. आठ नावं घेतली त्यांनी, आठही जागच्या जागी! सरांचा चेहरा तर बघण्यासारखा झाला होता. मला नाचावंसं वाटत होतं.

मग त्या बाई कपाटांसमोर थांबल्या. एकेक खण वाकून बघितला आणि गंभीर आवाजात विचारलं, "ही मांडणी कोणी केली?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडायच्या आत बेसिनजवळून मामा आले. हात ओलेच होते.

"मी केलंय बाईनू. ह्या बायची काय चूक नाय. काय असात ता माका बोला."

माझ्यावर बालंट येतंय असं त्यांना वाटलं होतं. ज्या बाईने त्यांना चारचौघांत झापलं, तिच्यासाठी तो माणूस पुढे येऊन उभा होता.

"मॅडम, चूक माझी होती," मी म्हणाले, सरांसमोर, सगळ्यांसमोर, आणि चांगलं खणखणीत. "मी एबीसीडी लावली होती. सदतीस ठिकाणी आग लागली असती. मामांनी ते मोडून नीट लावलं आणि वर मीच त्यांना बोलले. मामा, माझं चुकलं."

बाई मामांकडे बघत राहिल्या. "चूक कसली हो? मी इतक्या कॉलेजांत फिरते. बरोबर लावलेलं स्टोअर मी आज पहिल्यांदा बघतेय." त्यांनी एक स्टूल ओढलं. "बसा. कशाशेजारी काय ठेवत नाही ते मला सांगा, मी लिहून घेते."

मामांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्या प्रयोगशाळेत प्राध्यापकांसमोर ते कधी बसले नव्हते. "बसा ना मामा," मी म्हणाले. ते ओले हात पँटला पुसून बसले आणि पहिल्या कपाटापासून सांगायला लागले. समिती वह्या काढून लिहीत होती, आणि आमचे सर उभे राहून ऐकत होते.