बंद दाराचा नारळ

"स्वतः पाहिलंत, की ऐकलंत?"

हा प्रश्न विचारताना सर चष्मा काढायचे आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसायचे. उत्तर मिळेपर्यंत तो परत डोळ्यांवर चढायचा नाही. तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा. 'बाहेर पाऊस आहे' म्हटलं तरी साक्षीदार मागणारा. मला तर पहिल्या भेटीतच त्यांचा वैताग आला होता.

महाडच्या कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. लोकांची भांडणं टाइप करून करून माझी बोटं शिणली, डोकंही शिणलं. त्या दिवशी सर पोलादपूरच्या एसटीतून उतरून वाडीच्या रस्त्याचा अर्ज घेऊन आले. मी सवयीनं टाइप केलं, 'सर्व ग्रामस्थांची मागणी आहे की...'. झालं, चष्मा उतरला.

"सर्व? बाई, तुम्ही सगळ्यांना विचारलंत?"

"अहो, अर्जात असंच लिहितात."

"म्हणूनच अर्ज कोणी वाचत नाही."

मागे चार माणसं खोळंबलेली. मनात म्हटलं, हा म्हातारा पिडणार!

ते समाजशास्त्राचे मोठे प्राध्यापक, एका विद्यापीठाचे कुलगुरू होते, हे मला नंतर कळलं. कोर्टातला एक वकील भर रस्त्यात त्यांच्या पाया पडला, तेव्हा. कुलगुरुपदाचं काही विचारलं की म्हणायचे, "सह्या केल्या हो, सह्या. मुलं घोषणा द्यायची, प्राध्यापक निवेदनं द्यायचे, मी दोघांना चहा द्यायचो. समाजशास्त्र तेवढं राहून गेलं." आणि हसायचे. त्या हसण्यात दम नसायचा.

बायको गेल्यावर पुण्यातला फ्लॅट बंद करून ते पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका डोंगरवाडीत खोली घेऊन राहिले होते. तीच वाडी का, तर तरुणपणी त्यांनी तिच्यावर प्रबंध लिहिला होता. तेव्हा दारोदार फिरून माणसं मोजली. ज्या दाराला कुलूप दिसलं त्याच्यापुढे वहीत फुली मारली आणि लिहिलं, कुटुंब मुंबईला गेलं, घर संपलं. प्रबंधाचं पुस्तक झालं, पुस्तकानं नाव झालं आणि नावावर पुढं ती खुर्चीही आली.

मग दोन वर्षांपूर्वी वाडीवरच्या डोंगराला भेग पडली. अख्खी वाडी खाली हलवायचं ठरलं, दर घराला एक जागा. यादी लागली, तर कुलूपबंद घरं तिच्यात नाहीतच. ही सगळी मुंबईला नोकरीला गेलेल्यांची घरं. उद्या नोकरी सुटली, म्हातारपण आलं, तर या माणसांनी परतायचं कुठं?

सर तक्रार घेऊन ती यादी करणाऱ्या सरकारी साहेबांकडे गेले. अर्ज माझ्याकडचा, म्हणून मलाही सोबत नेलं. साहेब तरुण, सज्जन. खुर्चीतून उठून सरांच्या पाया पडले. म्हणाले, "सर, तुमचं पुस्तक वाचूनच मी परीक्षा पास झालो!" कपाटातून ते पुस्तक काढलं, पान उघडलं आणि अगदी आदरानं पुढे केलं. "बंद घरं संपलेली असतात, हे तुम्हीच लिहिलंय ना, सर. यादी करताना आम्ही हाच आधार घेतला."

सरांनी चष्मा काढला. पुसला मात्र नाही. नुसता हातात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले ते वाडीतल्या शेजारच्या पार्वतीबाईंना घेऊन. त्यांच्या दिराचं घर यादीतून गेलेलं. बाईंनी कमरेची किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"घर संपलं कसं गो? ही किल्ली हाय ना. शिमग्याला देवीची पालखी कुलपापुढं पन थांबते. त्या घराचा नारळ शेजारनीनं द्यायचा. दिराचा मी देतंय, इतकी वर्सं. जिथं पालखी थांबते ते घर वाडीचं." मग सरांकडे वळून म्हणाल्या, "सर, तुमी तवा शिमग्याला हितं व्हता का?"

"नव्हतो. दिवाळीलाच परत गेलो होतो."

"मंग पाह्यलं नाय तर लिवलं कशाला?"

रागावून नाही हो. चहात बिस्किट बुडवता बुडवता विचारलं.

सर माझ्या टेबलाकडे वळले. मग म्हणाले, "बाई, घ्या टाइप करायला. माझ्या पुस्तकात चूक आहे."

मी टाइप केलं, 'किरकोळ त्रुटी'. त्यांनी वाकून पाहिलं. "चूक लिहा. मोठी."

मला राहवलं नाही. "अहो सर, आयुष्यभर कमावलेलं नाव! या वयात आपल्याच हातानं का पाणी सोडताय?"

"त्या फुल्यांवर मी कुलगुरू झालो," ते म्हणाले. "आणि त्याच फुल्यांनी यांची घरं गेली."

साहेबांनी कागद ठेवून घेतला, पण बंद घरं अजून वाडीचीच असल्याचा पुरावा मागितला. मग शिमग्यात हा गुडघे धरून चालणारा माणूस पालखीमागे सगळा उतार हिंडला. प्रत्येक बंद दारापुढे थांबायचं, घर कोणाचं, नारळ कोणी दिला, वहीत लिहायचं, खाली अंगठा नाहीतर सही घ्यायची. जुन्या वहीतल्या फुल्या एकेक करून खोडल्या.

ती वही घेऊन पुढे किती खेपा! साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर, साहेब आत्ताच गेले. एकदा दुपारी सर माझ्याकडच्या स्टुलावर येऊन बसले, पाणी प्यायले. म्हणाले, "थकलो हो बाई. मीही माणसांना असंच बाकावर बसवलं असेल. तेव्हा बाहेर येऊन कधी पाहिलं नाही." मी पंखा त्यांच्याकडे वळवला.

पावसाळ्यात त्यांना ताप भरला. महाडला दवाखान्यात आणलं, तिसऱ्या दिवशी गेले. गणपतीच्या आधी सुधारलेली यादी लागली. दोन घरं सोडली तर सगळी बंद घरं तिच्यात होती, पार्वतीबाईंच्या दिराचंही. ते पाहायला सर नव्हते. त्या दोन घरांचा अर्ज मी परत टाइप केला. खालच्या जागांची आखणी व्हायची आहे अजून. होईल तेव्हा खरी.

यंदा शिमग्याला मी मुद्दाम वर गेले. गुडघे माझेही आता कुरकुरतात. ढोल वाजत होते, पालखी दारादारांतून नाचत चालली होती. सरांच्या खोलीला कुलूप होतं. पालखीवाले पुढं निघाले, तशा पार्वतीबाई आडव्या आल्या.

"थांबा रे! हे घर ऱ्हायलं."

एकजण म्हणाला, "वैनी, ते तर भाड्यानं व्हते."

"असूं दे. नारळ मी देतंय."

पालखी थांबली. खांद्यांवरून खाली वाकवली. बाईंनी सरांच्या उंबऱ्यावर नारळ फोडला, पाणी कुलपाखाली सांडलं.

हे ऐकलेलं नाही, सर. स्वतः पाहिलंय.