परत दिलेले ड्रम

नोकरीत शेकडो गुन्हे तपासले. बहुतेकांचे गुन्हा रजिस्टर नंबर आता सांगता येणार नाहीत. पण पनवेलला उपनिरीक्षक असताना माझ्याकडे आलेला एक साधा चोरीचा गुन्हा अजून मनातून गेलेला नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. तपासही आठवड्यात लागला. वरिष्ठांनी शाबासकी दिली. तरीही तो आठवला की मला बरं वाटत नाही.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्याचा मॅनेजर टाइप केलेली तक्रार घेऊन ठाण्यात आला. गोदामातून एका रसायनाचे अठरा ड्रम चोरीला गेले होते. कुलूप शाबूत होतं आणि चावी स्टोअरकीपरकडे असायची, म्हणून संशय त्याच्यावर. नोकराने केलेली चोरी, कलम ३८१ खाली गुन्हा दाखल केला. मॅनेजरने एफआयआरची प्रत दोनदा मागितली आणि ती इंग्रजीत मिळेल का, असंही विचारलं. आमचा माल जर्मनीला जातो, तिकडच्या गिऱ्हाइकाला दाखवावी लागेल, असं त्याचं म्हणणं. मी त्याला भाषांतर बाहेरून करून घ्यायला सांगितलं आणि विसरून गेलो. चोरीला गेलेला माल शोधण्याआधी चोरीचा कागद परदेशात पाठवायची घाई कशाला, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

स्टोअरकीपर पन्नाशीचा, गव्हाणचा. घरचे मिठागरावर राबलेले. हा मॅट्रिक झाला आणि कारखाना सुरू झाला तेव्हापासून तिथेच होता. चौकशीला बोलावलं तर वेळेवर आला, बाकावर ताठ बसून राहिला. ड्रम मी हलवले नाहीत, म्हणाला. मग कोणी हलवले, यावर गप्प. त्याचे दोन पुतणे त्याच कारखान्यात कामाला होते आणि त्यांच्या पोटावर पाय येईल म्हणून तो गप्प होता, हे मला फार उशिरा कळलं. त्या वेळी मी एवढंच जाणत होतो, की जो गप्प बसतो तो काहीतरी लपवतो. अर्धवट खरं असलेल्या अशा समजुतींवर आम्ही पोलीस पुष्कळ वर्षं काढतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, गव्हाणच्या अलीकडे बंद मिठागराची शेड आहे, तिथे बघा. हवालदाराला घेऊन गेलो. ताडपत्रीखाली निळे प्लास्टिकचे ड्रम ओळीने उभे होते. पंचनामा केला. संशयिताचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर. माझ्या लेखी गुन्हा उघडकीला आला होता. त्याला अटक केली, कोर्टातून दोन दिवसांची पोलीस कोठडी घेतली आणि दुपारी समोर बसवला.

माल कुणाला विकणार होतास, साथीदार कोण, तेच तेच विचारत राहिलो. तो मान खाली घालून होता. मी उठलो आणि त्याच्या थोबाडीत मारली. तेव्हा माझं वय बत्तीस. चष्मा खाली पडला. त्याने तो उचलला, सदऱ्याला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि विचारलं,

"साहेब, किती ड्रम गावले?"

"सोळा."

तो उभाच राहिला. "अठरा होते. दोन कुठं हायेत?"

"ते तू सांगायचं."

"साहेब, माझं काय करायचं ते मागून करा. आधी ते दोन शोधा. आमच्याकडं बाया असल्या ड्रमात पाणी भरून ठेवतात. त्या भुकटीचं पाणी पोटात गेला तं माणूस आज नाय मरत, पण पुढं लघवीतून रक्त जातं."

आठ-नऊ वर्षांच्या नोकरीत मी चोर पुष्कळ पाहिले होते. सापडलेल्या मालात दोन नग कमी आहेत म्हणून घाबरलेला चोर पाहिला नव्हता. त्याला बरोबर घेऊन जीप काढली.

मिठागराच्या बांधाला लागून सात-आठ घरांची वस्ती होती. दुसऱ्याच घराच्या ओटीवर निळा ड्रम दिसला, काठोकाठ भरलेला. घरातल्या बाईने शेड उघडी दिसली म्हणून दोन ड्रम उचलले होते. एकातली भुकटी बांधाखाली ओतून तो ड्रम तिने घासून धुतला होता. आम्हाला बघून ती भांडायलाच उठली. स्टोअरकीपरच्या हाताला बेडी होती. तशाच हातांनी तो ड्रमला टेकून उभा राहिला आणि तिला म्हणाला, "वयनी, ह्यातला पानी प्याला का कोनी?"

"नाय. कालच आनलाय. भांड्यांना घेतलाय नुसता."

तो तिथेच ओटीवर बसला. मी बेडी काढायला सांगितली. मग त्यानेच ते पाणी कुठे ओतायचं, भुकटी पडलेली माती कशी उकरायची, हात कशाने गुंडाळायचे, हे सगळं आमच्या शिपायांकडून नीट करून घेतलं. दुसरा ड्रम घरामागे न उघडलेला मिळाला. बाईचा जबाब घेतला तेव्हा तिने सांगितलं, की ड्रम उतरवणारा टेंपो तिने पाहिला होता. त्यावर कारखान्याचं नाव होतं आणि हा माणूस त्यात नव्हता.

टेंपोच्या ड्रायव्हरला आणलं. अर्ध्या तासात तो बोलला. मॅनेजरनेच स्वतःजवळची दुसरी चावी देऊन ड्रम तिकडे ठेवायला सांगितले होते. शेडही त्यानेच दाखवली होती आणि ठाण्यातला तो निनावी फोनही त्यानेच करायला लावला होता.

आता स्टोअरकीपर मोकळा झाला आणि आमच्या ठाण्याच्या बाकावर बसून त्याने मला सगळं समजावलं. त्या भुकटीपासून कापडाचा लाल रंग होतो. असल्या रंगावर जर्मनीने बंदी घातली होती, म्हणून तिकडच्या गिऱ्हाइकाने कारखान्याकडे यादी मागितली. कोणतं रसायन किती आलं, किती वापरलं, किती शिल्लक आहे, सगळं. कारखाना मात्र देशातल्या बाजारासाठी तोच स्वस्त रंग अजून बनवत होता. मॅनेजरने ह्याला सांगितलं, स्टॉक रजिस्टर नवीन लिही, त्यात ही भुकटी नको. हा म्हणाला, जे गोदामात आहे ते रजिस्टरात राहील. मग गिऱ्हाइकाचा माणूस पाहणीला यायच्या आदल्या दिवशी ड्रम हलवले गेले. त्या माणसाने जुन्या पानावर अठरा ड्रम आल्याची नोंद पाहिली आणि ते कुठे आहेत असं विचारलं. मॅनेजर म्हणाला, चोरीला गेले. ती चोरी खरी ठरवायला माझी एफआयआर लागत होती. एवढंच माझं काम होतं त्या सगळ्यात.

खरी चूक मी यानंतर केली.

तक्रार खोटी निघाली तर तपास बंद करताना आम्ही कोर्टाला जो अहवाल पाठवतो, ती 'ब' समरी. ती पाठवली की तक्रारदारावर कारवाई करता येते. वरिष्ठांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कारखाना मोठा आहे, शेकडो लोकांचं पोट त्यावर आहे, गैरसमजातून तक्रार झाली असं लिही आणि 'क' समरी पाठव, म्हणजे कुणावरच ठपका नको, असं शांतपणे सांगितलं. स्टोअरकीपर दोनदा भेटायला आला. चोरी झालीच नव्हती एवढं कागदावर येऊ द्या, म्हणत होता. मी 'क' समरी पाठवली. कारखान्याने त्याला कामावर परत घेतलं नाही. ड्रम मुद्देमाल होते. कोर्टाचा हुकूम घेऊन मी ते नियमाप्रमाणे मूळ मालकाच्या ताब्यात दिले, पावती घेतली, फाईल बंद केली. कारखाने निरीक्षकांना एक पत्र लिहायला मला कोणी अडवलं नव्हतं. ते मी लिहिलं नाही.

निवृत्तीनंतर खारघरला राहायला आलो. एकदा तपासणीसाठी इस्पितळात गेलो होतो, तिथे लघवीच्या विकारांच्या विभागासमोर तो स्टोअरकीपर बसलेला दिसला. केस पांढरे, पण बसणं तसंच ताठ. सोबत त्याचा धाकटा पुतण्या होता, चेहरा उतरलेला, हातात पिशवी. पुतण्याला मूत्राशयाचा कॅन्सर झाला होता. ड्रम परत गेल्यावर कारखान्यात भुकटी मिसळायच्या खात्यात तो सहा वर्षं होता. मी ओळख दिली. त्यानेही मला ओळखलं आणि सरकून जागा केली. मी म्हणालो, "त्या दिवशी मी तुमच्यावर हात उचलला. चुकलं माझं."

त्याने पुतण्याच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

"त्याचं काय नाय साहेब," तो म्हणाला. "ते ड्रम तुमी परत द्यायला नको होते."

मी नियमाप्रमाणे दिले होते, असं उत्तर माझ्याकडे होतं. ते मी दिलं नाही. खरा चोर सापडला की तपास संपला, असं मी नोकरीभर मानत आलो. त्या बाकावर बसल्यावर कळलं, की मी फक्त ड्रम कुणी नेले ते शोधलं होतं. त्यात काय आहे हे मला एका माणसाने बेडी घातलेल्या अवस्थेत सांगितलं होतं, आणि मी ते ऐकून पावतीवर सही घेतली होती. आतून नंबर पुकारला तसे दोघे उठले. पुतण्याला धरून तो आत गेला आणि मी बाहेर बसून राहिलो.