मोटरीतलं मातीचं घर

तवनाप्पा मगदूम ह्या माणसाला बूड दिलेलं आहे, पण ते टेकवायचं कसं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. आष्ट्याच्या अलीकडच्या आमच्या गावात त्याचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून आहे, त्यामुळं पन्नास वर्षं मी हे बघत आलोय. जेवता जेवता उठून दाराची कडी घट्ट करील. लग्नात अक्षता पडत असतील आणि हा पुढच्या खुर्चीचा हलणारा पाय चाचपत असेल. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाला तर लोकांना वाटलं, आता तरी स्वस्थ बसेल. त्यानं महिन्याभरात म्हशींच्या रिकाम्या गोठ्यात रंधा मशीन आणून बसवलं. ह्या बाजूनं खरबरीत फळी घातली की त्या बाजूनं गुळगुळीत होऊन बाहेर येते, असं ते मशीन. गावातल्या निम्म्या पाटांना आणि चौरंगांना त्याचाच हात लागलेला आहे.

मी लालासाहेब. सैन्यात सोळा वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, आता घरीच मोटरींचं वायंडिंग करतो. माझा स्वभाव तापट आहे हे गावात कुणालाही विचारा.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला गुणमालावैनी, म्हणजे तवनाप्पाची बायको, जैन मंदिराच्या पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेत ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की आता खाली बसायचं नाही, खाली झोपायचं नाही, बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. त्या घरात तर पलंगच नव्हता, दोघंही जन्मभर जमिनीवर गादी टाकून झोपलेली. वैनी अंगानं उंच, आणि बाजारात बघावा तो पलंग बुटका. तवनाप्पानं दवाखान्यातच त्यांच्या तळपायापासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं आणि पलंग मी करणार म्हणून सांगून टाकलं. सागाचं लाकूड गोठ्यात होतंच, पण बारा दिवस तो वैनींच्या उशाशी राहिला आणि गोठ्याला कुलूप. अखेर परवा चार वाजता घरी सोडणार असं ठरलं, तेव्हा लेक सुंदरीला तिथं ठेवून हा पहाटेच्या गाडीनं गावात आला.

नऊ वाजता तो माझ्या दारात उभा. मशीन चालू होत नव्हतं.

मी जाऊन बघितलं. खटका दाबला की मोटर नुसती घुमायची, फिरायची नाही, आणि दोन श्वासांत मेनचा खटका खाली पडायचा. आमच्याकडं दुपारपर्यंत होल्टेजची बोंब असते म्हणून आधी मीटर लावला, तर होल्टेज चांगलं. मग मोटरीला सुरुवातीचा धक्का देणारा कंडेन्सर बदलला. तरी घुमणं तेच. पट्टा काढून पात्यांचा रूळ बोटानं फिरवला, तो लोण्यासारखा फिरला. मोटरीची पुली मात्र जागची हलेना. म्हणजे दुखणं मोटरीत होतं हे नक्की झालं. मी म्हणालो, बेअरिंग धरलंय.

एवढ्या वेळात तवनाप्पानं गोठा तीनदा झाडला, पलंगाचे खांब मोजून बघितले, पुन्हा मोजले, बाहेर जाऊन उन्हाकडं बघून आला. त्याच्या जिवाची घालमेल बघून माझं डोकं फिरायला लागलं. तो म्हणत होता, जोर लावू नकोस, आधी मागचं झाकण उघडून बघू. मी त्याला सांगितलं की बेअरिंग धरलेल्या शंभर मोटरी मी सोडवल्यात, मला शिकवू नको. पाईपपाना लावला आणि दिला हिसका.

आत कडकन आवाज झाला. पुली अर्धा वेढा फिरली आणि पुन्हा अडली.

मग मात्र मी मुकाट्यानं स्क्रू काढले. मोटरीच्या मागं गार हवेसाठी पंखा असतो आणि त्यावर जाळीचं झाकण. झाकणाची जाळी एका जागी तुटलेली होती. तिथनं कुंभारीण आत गेली होती, ती बारीक कमरेची काळी माशी, भिंतीला मातीच्या कुप्या करते ती. बारा दिवसांत तिनं झाकणाच्या आतून सहा कुप्या लिंपल्या होत्या आणि सातवी थेट पंख्याचं पातं आणि झाकण ह्यांच्या सांध्यात. वाळून ती दगडासारखी झाली होती, तिनंच मोटर धरून ठेवली होती. माझ्या हिसक्यानं ती फुटली. आत पिवळट अळी होती, आणि तिच्या खाण्यासाठी आईनं आणून ठेवलेले चार-पाच बारके कोळी.

मला हायसं वाटलं, खरं सांगतो. बेअरिंग शाबूत होतं. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बाकीच्या सहा कुप्या खरवडायला वाकलो, तर तवनाप्पानं माझं मनगट धरलं.

"लाला, ऱ्हाऊ दे."

मी म्हणालो, दोन मिनिटांचं काम आहे, किड्यांपायी बायकोला उद्या उभी ठेवणार आहेस का?

"तिला घरात आणायची म्हणून दुसरीचं घर उकरायचं? आनि मग ती बसंल व्हय त्या पलंगावर?"

वैनींना मी ओळखतो. सुंदरीनं पहिल्या पगारातून रेशमी साडी आणली होती. किडे उकळून काढलेला धागा अंगाला लावणार नाही, म्हणून ती त्यांनी घडीसकट परत दिली. लेक दोन दिवस रडली, ह्या हलल्या नाहीत. मधाचं बोट कधी चाटलं नाही. पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय आंघोळीलासुद्धा घेत नाहीत. ही बाई पलंगाकडं बघून, नाही बसणार, म्हणाली असती, आणि वॉकर धरून रात्रभर उभी राहिली असती.

तवनाप्पा स्वतः तसा नाही. वैनींची नजर चुकवून त्यानं माझ्या घरी कांद्याची भजी खाल्लेली आहेत. पण त्या सकाळी तो फुटक्या कुपीसमोर उकिडवा बसला आणि लाकडाच्या पातळ सालीवर ती अळी उचलून घेतली.

"हालतीया अजून," म्हणाला.

ती जगायची नव्हती. मला कळत होतं, त्यालाही कळत असावं. तरी त्यानं ती कुप्यांच्या कडेला अलगद ठेवली, आणि झाकण तारेनं मोटरीच्या वर हातभर अंतरावर टांगलं.

आता मोटर बोटानं फिरत होती. मी खटक्याकडं हात नेला, तेवढ्यात ती कुंभारीण आली. तोंडात ओल्या मातीचा गोळा. मोटरीच्या मागं जिथं जाळी असायची तिथं घिरट्या घालायला लागली. उघड्या पंख्यावर बसे, उठे, परत बसे. तवनाप्पा म्हणाला, तिला घर सापडेपर्यंत मशीन चालू करायचं नाही.

मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. दहा मिनिटं गेली, वीस गेली. तवनाप्पा गोठ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होता, आणि मी त्याच्यामागं बोलत फिरत होतो. तेवढ्यात सुंदरीचा फोन आला. डॉक्टर परगावी निघालेत, त्यामुळं चारच्या ऐवजी उद्या सकाळी दहालाच गाडी घरी येईल. तवनाप्पानं सकाळपासनं मशीन अडलंय एवढंच तिला सांगितलं आणि फोन खिशात घातला. पलंगाची एक फळीसुद्धा रंधलेली नव्हती. तरी हा गडी खटक्याला हात लावेना, मलाही लावू देईना. मला वाटलं, ह्याला उचलून बाहेर ठेवावं आणि दाराला कडी घालावी.

पाऊण तासानं त्या बयेला झाकण सापडलं. दोन-तीनदा त्याच्याभोवती फिरली आणि आत शिरली. तवनाप्पानं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "चल, लाव."

मग आम्ही मागं वळून बघितलं नाही. उघड्या पंख्यात तवनाप्पाच्या धोतराचा सोगा जाऊ नये म्हणून मी मोटरीपाशी स्टूल टाकून पहाऱ्याला बसलो, मोटर तापली की बंद करायचो, निवली की सुरू. दिवस मावळेपर्यंत खांब आणि फळ्या रंधून झाल्या, उजाडल्यावर जोड बसले, आणि साडेनऊला पलंग पुढच्या सोप्यात उभा होता. त्याआधी मी तवनाप्पाला बजावून ठेवलं होतं की वैनींनी विचारलंच तर कंडेन्सर गेला होता म्हणून सांग, खोटं नाही, मी बदललाच आहे. तो पलंगाचा पाय हलतोय का चाचपत बसला.

वैनी आल्या. वॉकरवर भार देऊन एकेक पाऊल टाकत सोप्यात आल्या, मागं सुंदरी. बारा दिवसांत निम्म्या झाल्या होत्या. पलंगाच्या कडेवरून त्यांनी हात फिरवला, आणि उभ्या उभ्याच विचारलं, "मशीन कशानं अडलं हुतं?"

तवनाप्पा म्हणाला, "मोटरीत कुंभारणीनं घर केल्तं. सात खोल्या. त्यातली एक माज्या हातनं मोडली."

वैनी बसल्या नाहीत. सुंदरी आई बस, बस म्हणत होती. त्यांच्या घरात असं काही घडलं तर नियम घेतात. ज्याच्या हातून झालं त्यानं मीठ, तूप, साखर असलं एखादं काहीतरी ठरावीक दिवस सोडायचं. तवनाप्पानं लगेच सांगून टाकलं, "साखर सोडली. तू काठीबिगर चालायला लागंस्तवर." आणि हा माणूस चहात तीन चमचे साखर घालून वर गुळाचा खडा चघळणारा.

मला तिथून निघून जाता आलं असतं. कुणी अडवलं नसतं. पण माझ्या पापाचा नियम दुसऱ्यानं घ्यावा आणि मी शेजारी ताठ उभा राहावं, ह्याची मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"वैनी," मी म्हणालो, "पाना माज्या हातात हुता. त्यो नको म्हनत हुता, मी ऐकलं न्हाई."

"ठावं हाय, भावजी. ह्यांच्यानं हल्ली बरणीचं झाकनबी निघत न्हाई." मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "तुमी खोटं बोललासा. त्याचं आठ दिस मीठ सोडा."

सुंदरीनं आणि मी दोन्हीकडून धरलं, आणि वैनी हळूहळू मागं टेकत पलंगावर बसल्या. तळपाय जमिनीला सपाट लागले. बारा दिवसांनी दुखल्याशिवाय बसायला मिळालं असावं, त्यांनी डोळे मिटून घेतले. तवनाप्पा वाकून त्यांच्या गुडघ्याकडं बघत होता आणि नाक ओढत होता.

सुंदरी चहा ठेवायला निघाली. मी म्हणालो, मला बिनसाखरेचा ठेव. मला नियम कुणी दिला नव्हता, मी कुणाला विचारलाही नाही. वैनींनी डोळे उघडले आणि लेकीला सांगितलं, "तीन कप बिनसाखरेचे कर."

तवनाप्पा वैनींना म्हणाला, "तू कशाला? तू काय केलंस?"

"पलंग कुणासाठनं केलासा?" वैनी म्हणाल्या.

सुंदरीनं तीन कप आणून ठेवले, आणि आम्ही ते प्यायलो.