बंद मणी

निवृत्तीनंतर मी वाशिमच्या कला महाविद्यालयात दागिने घडवायचा वर्ग लावला. रिठदला शाळेत शिकवलेलं, म्हणून वर्गातली पोरंही मला गुरुजी म्हणत. त्यांच्यासमोर चुकण्याची भीती पहिल्या दिवसापासून होती.

चांदीचा पोकळ मणी दोन वाट्या जोडून होतो. जोडण्याआधी एका वाटीला भोक पाडायचं. नाहीतर पुन्हा तापवताना आतली हवा मणी फोडते. ज्याच्या हाती ज्योत त्यानं भोकाचं विचारायचं, हा सरांचा नियम. माझ्याकडून ड्रिलचा बिट मोडला. दुसरा मागायची लाज वाटली. मी मणी तसाच बंद केला.

वर कडी जोडताना ज्योत सारखी माझ्या बोटांकडेच वळू लागली. शेजारची मुलगी, मेडशीच्या बांगडीवाल्याची, म्हणाली, "द्या इकडं गुरुजी. चांदीपेक्षा बोटंच जास्त भाजून राह्यले तुमी." मग हळूच विचारलं, "भोक हाय ना?"

सर आमच्याकडेच येत होते. मी म्हणालो, "हो."

मणी लाल होऊ लागला तसा मी एक पाऊल मागे सरकलो.

फटाक्यासारखा आवाज झाला. ती डोळा दाबून खाली बसली. बोटांमधून रक्त येत होतं. सरांनी मला विचारलं, "हिनं विचारलं होतं का?"

मी मान हलवली. नाही.

जखम भुवईखाली होती, डोळा वाचला. पण निष्काळजी पोरगी म्हणून वडिलांनी तिचं शिक्षण थांबवलं. ती परत येईल आणि बोलेल, या धास्तीनं मी रोज दाराकडे पाहत बसायचो. ती आलीच नाही. तेव्हा स्वतःचीच भीती वाटू लागली.

काल एसटीनं मेडशीला गेलो. सगळं सांगितलं. तिचे वडील बांगड्या पुसायचे थांबले.

"पोरगी सांगून राह्यली होती, मी इचारलं म्हणून. म्या तिच्यावर भरोसा नाही केला." मग म्हणाले, "हे सरायच्या समोर बोलसान का? तं पाठवतो तिले."

"हो," मी म्हणालो.

ती आतल्या दारात उभी होती. "गुरुजी, हो तं तुमी तवाही म्हणले होते."

उद्या वर्ग आहे. तोंडातून शब्द फुटला नाही, तर हे लिहिलेलंच सरांसमोर ठेवीन. तिनं विचारलं होतं. मी हो म्हणालो होतो.