काटोंगमध्ये, लढाऊ विमानांच्या नियंत्रण कक्षाच्या शोधात

सिंगापूरची तिकिटं काढली तेव्हाच बाबांनी सांगून टाकलं होतं, की मत्स्यालय, पाळणे आणि मॉल यांत ते एकही दिवस घालवणार नाहीत. १९४२ साली ब्रिटिशांनी ज्या खोलीतून आपली लढाऊ विमानं लढवली, ती जागा त्यांना बघायची होती. बाबा स्वतः हवाई दलात फायटर कंट्रोलर. एकाहत्तरच्या युद्धात पंजाबातल्या एका रडार युनिटवर होते. शत्रू कुठे आहे, किती उंचीवर आहे, कुठे वळायचं, हे जमिनीवर बसून वैमानिकाला वायरलेसवर सांगायचं, हे त्यांचं काम. त्या दिवसांचे किस्से आम्हाला पाठ आहेत.

२०१७च्या मार्चमध्ये आम्ही दोघं माझ्या धाकट्या भावाकडे, निखिलकडे, जुरोंग ईस्टला उतरलो. तो रोज सकाळी तुआसला कामावर जातो, म्हणून शाळेला सुट्टी लागलेली त्याची लेक अन्वी आमची वाटाड्या झाली. वय बारा, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

पहिल्या दिवशी एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, सिटी हॉलला उतरून फोर्ट कॅनिंगच्या टेकडीवर चालत गेलो. टेकडीच्या पोटात ब्रिटिशांचं युद्धकाळातलं भुयारी मुख्यालय आहे. आत फक्त गाइडबरोबर सोडतात, तेव्हा तिकिटं आधी काढा आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. चढ छोटा आहे, पण दमट हवेत तो लांबतो. बाबांना भुयार आवडलं, तरी त्यांचं समाधान झालं नाही. लढाऊ विमानांचं नियंत्रण काटोंग भागातून चालायचं, असं त्यांनी वाचलं होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी काटोंग. पाया लेबारपर्यंत एमआरटी, पुढे बस. रंगीत टाइल्सची जुनी जोडघरं बघायची तर सकाळीच जा, दुपारी फोटोत नुसतं ऊन येतं. बाबा गल्ल्यांमधून अगदी ठाम पावलं टाकत होते. पूर्वी समुद्र इथपर्यंत होता, पुढची जमीन नंतर भराव घालून केली, हे त्यांनी अन्वीला दोनदा सांगितलं. ती खोली नेमकी कुठल्या घरात होती, हे मात्र कुणालाच सांगता येईना. पाटी नाही, खूण नाही. शेवटी आम्ही एका कॉफी शॉपमध्ये टेकलो. लाक्सा मागवला: नारळाच्या दुधातल्या तिखट रश्शात शेवया आणि कोळंबी. तिघांत दोन वाट्या पुरल्या, वर कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी.

खाता खाता बाबांनी टेबलावर तशी खोली मांडायला घेतली. पेपर नॅपकिन म्हणजे नकाशा, चमचे म्हणजे विमानं. टेहळणी चौक्यांवरून आणि रडारवरून फोन यायचे, कानाला हेडफोन लावलेल्या मुली काठीनं नकाशावरच्या खुणा पुढे सरकवायच्या आणि वर सज्जात बसलेला कंट्रोलर ते बघून आपली विमानं पाठवायचा. जपानी फौजा मलायातून खाली येत गेल्या तशा लांबच्या चौक्या एकेक करून गेल्या. मग हल्ल्याची खबर इतकी उशिरा मिळायची, की विमानांना उंची गाठायलाही सवड उरत नसे.

"सो नो कम्प्युटर वन, आह?" अन्वीनं तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं.

शेजारच्या टेबलावर एक वयस्कर युरेशियन बाई कोपी पीत बसल्या होत्या. बराच वेळ त्या चमच्यांकडेच बघत होत्या. तुम्ही हवाई दलात होता का, असं त्यांनी बाबांना विचारलं. त्यांचं नाव मॉरीन, जन्म काटोंगचाच. त्यांची आई लग्नाआधी, युद्धात, अशाच एका खोलीत खुणा सरकवायला होती. सगळं बोलणं इंग्रजीतच झालं. एका सकाळी एका वैमानिकाचा आवाज बंद झाला. कंट्रोलर हाका मारत होता, उत्तर येत नव्हतं. नकाशाच्या टेबलावरची त्याची खूण काढायला आईला सांगण्यात आलं आणि तिनं ती काढली. म्हातारपणीही ती मधूनच विचारायची, मी घाई तर केली नाही ना? हे कुणाला विचारावं, ते मॉरीनबाईंना आजवर कळलं नव्हतं.

एरवी बाबा लगेच बोलतात. या वेळी त्यांनी आधी हातातला चमचा खाली ठेवला.

"तुमच्या आईंनी खूण काढली, कारण इतर विमानांसाठी टेबलावरचं चित्र खरं असावं लागतं," ते म्हणाले. "वैमानिकाला हाक मारायचं काम कंट्रोलरचं. आणि खूण काढली तरी तो हाका मारायचं थांबवत नाही. मीसुद्धा थांबवलं नव्हतं."

मॉरीनबाईंनी बाबांचा हात काही वेळ हातात धरून ठेवला. मग आमच्या कोपीचे पैसे त्यांनीच दिले, आम्हाला बोलूच दिलं नाही. अन्वीनं बसमध्ये आजोबांना खिडकीची जागा दिली आणि जुरोंग ईस्टपर्यंत फोन बाहेर काढला नाही.

आम्ही शोधत होतो ते घर सापडलं नाही, पण तुम्ही काटोंगला जाच, आणि घाईत जाऊ नका. मला वाटायचं, बाबांचं काम म्हणजे हुकूम देणं. त्यांच्या सगळ्या किश्शांमध्ये विमानं परत आलेली असतात.

पुण्याला परतल्यावर एका सकाळी चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं, एकाहत्तरात तुम्ही किती वेळ हाका मारत राहिलात?

"दुसऱ्या वैमानिकानं मला हाक मारेपर्यंत," ते म्हणाले. "मग त्याला घरी आणलं."