खिडकीतून टाकलेला पंचा

भूतबित ऐकलं की मला आधी हसू यायचं, मग राग. वीस वर्षं शाळेत गणित शिकवतेय. कोणी अमावास्या-पौर्णिमा सांगायला लागलं की मी पुरावा मागायचे. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण घडलं ते घडलं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही ठाण्यात कोपरीला राहतो. सकाळी नऊला माझ्या आतेबहिणीचा, नंदाचा, महाडजवळच्या गावाहून फोन आला – आत्याचं काही खरं नाही, सारखी ‘बाळू कुठाय’ विचारतेय. बाळू म्हणजे माझे वडील, आप्पा. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची आई लहानपणीच गेली, या मोठ्या बहिणीनेच त्यांना वाढवलं. आप्पांनी लगेच सदरा चढवला. दिव्याहून कोकणात जाणारी पॅसेंजर पहाटेच निघून गेलेली, म्हणून रिक्षा करून खोपटचा एसटी डेपो गाठला.

ऐन लग्नसराई! फलाटावर पाय ठेवायला जागा नाही. अकराला महाड गाडी लागली आणि ती थांबायच्या आत लोक खिडक्यांना लटकले. खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, काहीही आत टाकलं की ती सीट तुमची. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण पाळतात सगळे. शिव्या देतील, पण दुसऱ्याचा रुमाल उचलणार नाहीत.

मी उचलला. आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पाच तास उभे कसे राहणार? मी कोपरं मारत आत घुसले, तेव्हा दोघांची एकच सीट उरलेली आणि तिच्या खिडकीच्या जागेवर घडी घातलेला पंचा. गाडी तव्यासारखी तापलेली आणि पंचा मात्र नुकताच पिळून ठेवल्यासारखा गार. दोन मिनिटं वाट पाहिली, मग सरळ खिडकीतून खाली टाकून दिला.

“अगं सुमे, कुणाची तरी जागा आहे ती,” आप्पा म्हणाले.

“येऊ दे ना भांडायला. मी आहे की!”

कोणीच आलं नाही. गाडी सुटली. आप्पा खिडकीशी, त्यांच्या शेजारी मी.

पनवेल सोडलं आणि आप्पा माझ्या अंगावर रेलायला लागले. “सरक ना गं थोडी.”

“आप्पा, मी अर्धी बाहेर लटकतेय! तुम्हीच खिडकीकडे सरका.”

“तिकडे कुठे सरकू? हा दाबतोय मला.”

मी वाकून पाहिलं. आप्पा आणि खिडकी यांच्यामध्ये चांगली वीतभर जागा मोकळी होती. ऊन लागलं असेल, म्हणून त्यांना नीट बसवायला मी मागून हात घातला... आणि हात मध्येच अडला. तिथे खांदा होता. हाडकुळा, ओला खांदा. दिसत काहीच नव्हतं.

आता मी घाबरायला हवं होतं. पण मी पडले भांडखोर! तोंडातून निघालंच, “ओ, सरका तिकडे! म्हातारा माणूस दिसत नाही?”

त्या खांद्याने असा धक्का दिला की मी पॅसेजमध्ये आपटले आणि आप्पा माझ्यावर. त्यांचा श्वास अडकलेला, ओठ काळेनिळे. मी किंचाळले. कंडक्टर धावत आला, “काका, काय होतंय?” आप्पांना बोलता येईना. पेणचा स्टँड येताच त्यांना धरून उतरवलं.

खालून मी गाडीकडे पाहिलं. ठाण्यापासून उभी असलेली माणसं होती. माझ्या जागेवर एक बाई लगेच बसली. खिडकीकडे मात्र कोणी सरकेना, कोणी विचारेनासुद्धा! ती बाईही अगदी कडेला अंग चोरून बसली होती. गाडी तशीच निघून गेली.

पेणच्या डॉक्टरांनी तपासलं. बरगड्यांना मुका मार, बाकी ठीक. “कुठे चेंगरलात का?” त्यांनी विचारलं. यात तीन तास गेले. पुढे जीप करून गावी पोचलो तेव्हा सात वाजले होते. आत्या पाचला गेली. त्याच गाडीत राहिलो असतो तर आप्पांना ती भेटली असती. हे माझ्यामुळे झालं, दुसऱ्या कोणामुळे नाही.

रात्री मागच्या पडवीत नंदा माझ्याजवळ रडली. “आई जाताना फार चिडलेली गं. मामासाठी खाटेजवळ खुर्ची मांडून ठेवलेली, रिकामी. तिच्याकडे बोट दाखवून सारखी ओरडत होती, ‘हा कोण बसलाय? उठवा याला! माझ्या बाळूला कुठे बसवू?’”

मी नंदाला गाडीतलं काहीच सांगितलं नव्हतं. कोणालाच नव्हतं. याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही, आणि कोणी पुरावा मागितला तर माझ्याकडे तोही नाही.

आप्पा अधूनमधून विचारतात, “अक्का शेवटी काय म्हणाली गं?”

तुमचं नाव घेतलं, एवढंच मी सांगते.